अकरा व्हॉल्व्ह, दोन चाव्या आणि एक स्टूल

किस्से साठवायला कपाट लागत नाही, हे एक बरं आहे. आमच्या अभ्यास कक्षात कपाट एकच, तेही दार न लागणारं, आणि ते फायलींनी भरलंय. किस्से मात्र आमच्या चार-पाच जणांच्या डोक्यात असतात. खालून चहा आला की आपोआप बाहेर पडतात. परवा कुणीतरी म्हणालं, "बाई, लिहून ठेवा, नाहीतर विसरून जाल." मी काही विसरत नाही, पण लिहिते.

"अभ्यास कक्ष" ऐकून दबू नका. जुन्या पनवेलात एका पिठाच्या गिरणीच्या वर आमच्या युनियनची खोली आहे. तिच्या खिडकीजवळचं टेबल म्हणजे अभ्यास कक्ष! गिरणी सुरू झाली की टेबल थरथरतं आणि दुपारपर्यंत प्रत्येक कागदावर ज्वारीचं पीठ बसतं. मी आस्थापना विभागात तेहतीस वर्षं पगारबिलं केली, आता निवृत्त आहे. कुठल्या कार्यालयात ते सांगणार नाही. पेन्शन अजून तिथूनच येते!

युनियनचे सेक्रेटरी म्हात्रे अण्णा. मूळचे चिरनेरकडचे, आयुष्य पाण्याच्या पंपावर गेलं. आणि नीरजा, मुंबईच्या एका संस्थेतली संशोधक. सरकारी कामगारांचा पगार आणि कामाच्या जागेवरचे संबंध, हा तिचा विषय. एक दिवस ती जिना चढून आली, टेबलावरचं पीठ रुमालाने पुसलं आणि बसली ती बसलीच.

तिचा सगळा अभ्यास शेवटी दोन माणसांवर येऊन थांबला. सलीमभाई आणि वामन घरत. दोघंही व्हॉल्व्हमन. म्हणजे रस्त्यातलं लोखंडी झाकण उचलायचं, छातीएवढी उंच चावी आत घालायची, मोजून आटे फिरवायचे आणि सुकापूरच्या बाजूच्या सोसायट्यांना पाणी सोडायचं. दोघांचं काम एक, लाइन एक, एकोणीस वर्षं सोबत. फरक इतकाच, की सलीमभाई कायम आणि वामन कंत्राटी. त्यामुळे सलीमभाईंचा पगार वामनच्या तिप्पट!

दोघांचं काम एकच आहे हे सिद्ध झालं, तर वामन कायम होणार होता. त्याच्या हातात दोन वर्षं उरली होती. झाला तर म्हातारपणाला आधार, नाही झाला तर ठेकेदाराने दिलेलं जॅकेट. केस लागली होती आणि नीरजाचा अहवाल त्यात जाणार होता. एवढं लक्षात ठेवा, बाकी मी सांगते.

*

पहिल्याच महिन्यात नीरजाने साठ फॉर्म छापून आणले. चार पानी प्रश्नावली. वय, मुलं, घर ते कामाचं अंतर, कामातलं समाधान, सगळं. अण्णांच्या हातात गठ्ठा देऊन म्हणाली, "अण्णा, सगळ्यांकडून नीट भरून घ्याल?"

अण्णांनी आठव्या दिवशी साठच्या साठ फॉर्म आणून दिले. नीरजाला आनंदाने काय करू न् काय नको! म्हणे, इतका प्रतिसाद कधीच मिळत नाही. लगेच वाचायला बसली. तिसऱ्या फॉर्मला तिची भुवई वर गेली. सातव्याला तिने पेन खाली ठेवलं.

साठही जणांचं वय बेचाळीस. साठही जणांना दोन मुलं. साठही जणांचं घर कामापासून चार किलोमीटरवर.

"अण्णा, हे काय?"

"फूट पडाया नको म्हनून मीटिंग घेतली," अण्णा शांतपणे म्हणाले. "ठराव करून भरला. एकमतानं!"

"अहो, पण वय? वयाचा ठराव?"

"वयावर लई चर्चा झाली, पोरी. तरनी पोरं पस्तीस म्हनत व्हती, जुनी मानसं पन्नास. मंग बेचाळीसवर समझोता केला."

"आणि मुलं दोन?"

"नाथाचा तर लगीनच नाय झाला. पन त्यानं पन मान्य केला. शिस्त हाय आमच्यात!"

मी हसून हसून चहा सांडला. नीरजाने दुसरे साठ फॉर्म छापले आणि प्रत्येकाला एकटं गाठून भरून घेतले. पण पहिले साठ तिने फेकले नाहीत. "संघटना निर्णय कसा घेते" या प्रकरणाला तिने तेच जोडले. मला तेव्हाच कळलं, ही पोरगी टिकणार.

*

दुसऱ्या फेरीत वामनची मुलाखत होती. वामन बोलायला कंजूष. दहा प्रश्नांना नऊ वेळा "हां" आणि एकदा "नाय". नीरजाने विचारलं, "तुमचे मालक कोण? म्हणजे तुमचा पगार कोणता ठेकेदार देतो?"

वामन विचारात पडला. एकोणीस वर्षांत ठेकेदार किती बदलले हे देवालाही सांगता येणार नाही. शेवटी तो खुर्चीतून उठला, सलीमभाईंकडे पाठ करून उभा राहिला आणि म्हणाला, "सलीमभाय, बघ रे जरा, आता काय नाव हाय माझ्या पाठीवर?"

सलीमभाईंनी चष्मा लावला, जॅकेटच्या पाठीवरचं नाव वाचलं आणि मान हलवली. "हे नको सांगू. हा मागचा. नव्याने अजून जॅकेट दिलं कुठंय?"

नीरजाने रकान्यात काय लिहावं? तिने लिहिलं, "जॅकेट मिळाल्यावर कळेल." माझ्या तेहतीस वर्षांत इतकी खरी नोंद मी कुठल्या सरकारी कागदावर पाहिली नाही.

*

मग आला घड्याळाचा अभ्यास. कायम माणसाचं काम कौशल्याचं आणि कंत्राटी माणसाचं मदतीचं, असं कार्यालयाचं म्हणणं होतं. नीरजा म्हणाली, मोजूनच बघू. महिनाभर ती पहाटे साडेपाचला स्टॉपवॉच घेऊन व्हॉल्व्हशी हजर! एक दिवस सलीमभाई फिरवणार, एक दिवस वामन. झाकण उचलल्यापासून पाणी सुटेपर्यंतचा वेळ वहीत टिपायचा. तिसऱ्या दिवसापासून सोसायट्यांमधले लोक तिलाच इंजिनियर समजून कमी दाबाच्या तक्रारी सांगायला लागले. तिने त्याही टिपून घेतल्या!

एकदा तिने वामनला विचारलं, "पुरेसं उघडलं हे तुम्हाला कसं कळतं? नकाशात तर बावीस आटे लिहिलेत, तुम्ही सव्वीस फिरवता."

वामनने तिचा हात धरून चावीवर ठेवला. "बोलू नको. हातानं आईक."

तिने डोळे मिटले. आधी चावीला धडधड होती, मग बारीक थरथर, मग एकदम शांत. "आता चढला पानी," वामन म्हणाला. त्या दिवशी परत आल्यावर तिने हे आम्हाला सांगितलं. मी कधी पगारबिलावर सही करताना विचार केला नव्हता की हे काम असं हाताने ऐकायचं असतं. लाज वाटली मला, खरं सांगते.

महिन्याअखेरी हिशेब लागला. दोघांच्या वेळेत सरासरी फरक अकरा सेकंदांचा. आणि वामन हळू! नीरजाचा चेहरा उतरला. कार्यालयाला तेवढंच हवं होतं. "अकरा सेकंद कुठे जातात?" ती पुटपुटत होती.

सलीमभाई कोपऱ्यात पेपर वाचत होते. ते म्हणाले, "मला विचारायचं होतंस. झाकण उघडलं की तो नमस्कार करतो. हात जोडून, डोळे मिटून."

"आणि तुम्ही?"

"मी बिस्मिल्ला म्हणतो. पण चावी फिरवता फिरवता. त्याला वेगळा टाइम लागत नाही!"

अण्णा लगेच म्हणाले, "मंग अहवालात लिव. कंत्राटी मानूस कायमपेक्षा जास्ती काम करतो!"

*

अण्णांचा एक नियम आहे. मागणी सुटेपर्यंत साहेबाच्या केबिनमध्ये चहा घ्यायचा नाही. कितीही तास जाऊ देत, समोर कप निवून साय धरू दे. आम्ही नवीन सभासदांना हे अभिमानाने सांगतो.

एका पावसाळ्याच्या तोंडावर कंत्राटी माणसांना रेनकोट मिळावेत म्हणून बोलणी चालली होती. तीन बैठका झाल्या, तिन्ही वेळा चहा परत गेला. चौथ्या बैठकीला नवे साहेब होते, वयाने लहान पण डोळे उघडे ठेवणारे. त्यांनी कागद वाचला, शिपायाला बोलावलं आणि म्हणाले, "म्हात्रे साहेबांना चहा आणा. आता ते घेतील."

आमच्या लक्षात आलं, रेनकोट मंजूर झाले! अण्णांचे डोळे भरून आले. हात जोडून ते म्हणाले, "सायेब, उपकार झाले. पन साकर नको, मना डायबेटीस हाय."

इतक्या वर्षांच्या त्या नियमात तत्त्व किती आणि डायबेटीस किती, हे विचारायची माझी अजून हिंमत झालेली नाही.

*

नीरजा एकदा आठवडाभर आली नाही. फोन केला तर म्हणाली, ताप आहे, आणि आठवड्याचे पैसे कापले जाणार आहेत. अण्णांनी फोन माझ्याकडून ओढून घेतला. "कापनार? रजा नाय तुला?"

मग एकेक बाहेर आलं. अकरा महिन्यांचा करार. रजा नाही, फंड नाही, ओळखपत्र नाही. अकरा महिने झाले की एक महिना घरी, मग पुन्हा नवा करार. कंत्राटी कामगारांवर संशोधन करणारी आमची संशोधकच कंत्राटी!

पुढच्या सभेत पहिला ठराव तिचाच झाला. साठ लोकांनी हात वर केले, नाथाने दोन्ही. अण्णांनी संस्थेला युनियनच्या लेटरहेडवर पत्र धाडलं: "आपल्याकडील संशोधक कु. नीरजा यांस कायम करण्यात यावे, अन्यथा..." नीरजा हातापाया पडत होती, "अण्णा, 'अन्यथा' तरी खोडा हो!" अण्णांनी खोडलं नाही.

पंधरा दिवसांनी दोन ओळींचं उत्तर आलं. सदर व्यक्ती आमची कर्मचारी नाही, सबब प्रश्न उद्भवत नाही. नीरजा नुसती हसली. अण्णांनी ते पत्र वाचलं, खणातून पावतीपुस्तक काढलं आणि तिच्या नावाने सभासदत्वाची पावती फाडली. "तेंची नाय तर नाय. आमची हायेस तू."

ती पावती तिच्या मोबाइलच्या कव्हरमागे अजून आहे. मी पाहिलीय.

*

आता सलीमभाईंचं ऐका. हा माणूस निवृत्त झाला तेव्हा शाल मिळाली, श्रीफळ मिळालं, भाषणं झाली. पेन्शन मात्र सुरू झाली नाही, कारण त्यांनी चार्ज दिला नव्हता.

सरकारी नोकरीत असं असतं, की जाताना आपल्या ताब्यातल्या वस्तूंची यादी करायची. एकाने "दिले" म्हणून सही करायची, दुसऱ्याने "घेतले" म्हणून. ती यादी आस्थापनेकडे गेल्याशिवाय पेन्शनची फाइल हलत नाही. मी स्वतः अशा किती फायली अडवल्यात! सलीमभाईंच्या लाइनवर दुसरा कायम व्हॉल्व्हमन उरलाच नव्हता. म्हणून कार्यालयाने सांगितलं, स्टोअरच्या क्लार्कला द्या, तो सही करेल.

सलीमभाई म्हणाले, "नाही. चार्ज देईन तर वामनला."

एक महिना गेला. दोन गेले. सगळ्यांनी समजावलं. मी तर त्यांना मूर्खातच काढलं. "सलीमभाई, कागदच आहे हो! कुणाचीही सही घ्या आणि मोकळे व्हा. स्वतःची पेन्शन कोण अडवून ठेवतं?"

"बाईसाहेब, मुलगा दुबईहून पाठवतोय. अल्लाचा शुक्र आहे. मला घाई नाही."

पाचवा महिना उजाडला. निवृत्त माणसाची फाइल इतके दिवस का अडली, असं वरून विचारणारं पत्र आलं तेव्हा कार्यालयात धावपळ झाली. इंजिनियर साहेब सकाळी साडेपाचलाच क्लार्कला घेऊन व्हॉल्व्हवर आले. "कुणाची सही हवी तुम्हाला? याची? घ्या याची, आणि संपवा एकदाचं!" मग एकेक वस्तू दाखवून, मोजून, यादीवर खूण करत चार्ज झाला. अकरा व्हॉल्व्ह, दोन चाव्या, एक बॅटरी, एक स्टूल. देणार, सलीमभाई. घेणार, वामन घरत. मध्ये इंजिनियर साहेबांची सही आणि गोल शिक्का!

दुपारी सलीमभाई त्याची झेरॉक्स घेऊन आमच्याकडे आले. मी वाचली. पुन्हा वाचली. मग खुर्चीत बसले. तेहतीस वर्षं मी हेच काम केलंय. मदतनिसाला चार्ज देता येत नाही, सरकारात तसा कागदच नाही. चार्ज एका कर्मचाऱ्याकडून दुसऱ्या कर्मचाऱ्याकडेच जातो. कार्यालयाने स्वतःच्या शिक्क्याने लिहून दिलं होतं, की ही लाइन वामनच्या ताब्यात आहे.

"सलीमभाई, हे सगळं ठाऊक होतं तुम्हाला?"

"मला कायद्यातलं काय कळतं, बाईसाहेब? एकोणीस साल चावी त्याच्या हातात पाहिली. दुसऱ्या कुणाला दिली असं लिहिलं असतं, तर झूठ झालं असतं. रिटायर होताना झूठ कशाला?"

मी त्यांना मूर्खात काढलं होतं. त्या दिवशी सगळ्यांसमोर माफी मागितली. आणखी काय करणार?

*

सुनावणीला आम्ही पाचही जण गेलो. वामनने नवं जॅकेट घातलं नव्हतं, इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता.

नीरजाने चाळीस पानांचा अहवाल ठेवला. वेळा, आटे, तक्ते, सगळं त्यात. समोरच्या वकिलांनी तो चाळला आणि अगदी गोड आवाजात म्हणाले, "अभ्यास उत्तम आहे. पण अभ्यास म्हणजे पुरावा नव्हे. वामन घरत हा मदतनीस आहे. तो झाकण उचलतो, येणारी-जाणारी वाहनं बघतो. व्हॉल्व्हला हात लावायचा त्याला अधिकारच नाही आणि त्याने कधी लावलेलाही नाही."

नीरजा पांढरी पडली. दीड वर्षाची मेहनत तिने त्या कागदांत घातली होती. वामन खाली बघत होता. एका वाक्यात त्याची एकोणीस वर्षं रस्त्याच्या कडेला उभी केली होती.

अण्णांनी मला खुणावलं. मी उठले, चार्जची यादी सुनावणी घेणाऱ्या अधिकाऱ्यांसमोर ठेवली आणि शिक्क्यावर बोट ठेवलं.

अधिकारी शांत गृहस्थ. दोन तासांत एक शब्द जास्त बोलले नव्हते. त्यांनी यादी वरपासून खालपर्यंत वाचली. खालची तारीख वाचली आणि तिथे थोडे थांबले. वकील लगेच म्हणाले, "साहेब, ही निव्वळ औपचारिकता आहे. सहीपुरता कागद. त्या दिवशीही पाणी आमच्याच कर्मचाऱ्यांनी सोडलं असणार."

अधिकाऱ्यांनी चष्म्यावरून वामनकडे पाहिलं. "घरत, तुम्ही सही केलीत त्या दिवशी पाणी कुणी सोडलं?"

वामन उभा राहिला. एकोणीस वर्षांत इतकं लांब वाक्य तो कधी बोलला असेल असं मला वाटत नाही.

"मीच सोडला, सायेब. पन चूक झाली. यादी मोजीत बसलो न् पानी अर्धा तास उशिरा सुटला. दुसरा कोनी नव्हता सोडाया."

वकील काही बोलणार होते. अधिकाऱ्यांनी हात वर केला, पेनाचं टोपण काढलं आणि लिहिता लिहिता, मान वर न करता म्हणाले,

"अर्धा तास नाही. चाळीस मिनिटं. मी साबण लावून उभा होतो."